तुम्ही विचारलंत म्हणून : शिकारीला आणि ट्रेलला कुठली एटीव्ही?

“वहिनी, शिकारीला चालेल आणि ट्रेलवरही, अशी भरवशाची एटीव्ही कुठली घेऊ?” एटीव्ही म्हणजे रानात चालणारी, मोटारसायकलसारखी वर बसून चालवायची छोटी चौचाकी, आणि ट्रेल म्हणजे तिच्या रानवाटा. इथे अमेरिकेत मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या आजूबाजूला राहणाऱ्या आपल्या लोकांकडून हा प्रश्न इतक्यांदा आलाय की आता एकदाच नीट लिहून टाकते. बहुतेक जण तो आधी माझ्या नवऱ्याला विचारतात. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, एटीव्हीवर बसत नाही, शिकारीला येत नाही. तो मला हाक मारतो, आणि मग समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मला पाठ झालंय. गिअरबॉक्सची इंजिनीअर मी आहे, शिकारीचा परवाना माझा आहे, गॅरेजमधली होंडा रँचर ही एटीव्ही माझी आहे. पुढच्या वेळी सरळ मलाच विचारा.

त्याला चिकटून दुसरा प्रश्न येतोच. कोल्हापूरची तू, आणि हरणं मारतेस? हो, मारते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं. राधानगरी-दाजीपूरचं रान एकेकाळी संस्थानचं शिकारीचं रान होतं, १९५८ मध्ये त्याचं अभयारण्य झालं, आणि तिथे गव्यांचा कळप बघताना माझ्या मनात बंदूक येत नाही. मिशिगनची गोष्ट वेगळी आहे. इथे वीस लाखांच्या आसपास हरणं असल्याचा अंदाज आहे, अलीकडे दर वर्षी पन्नास हजारांहून जास्त गाड्या हरणांवर आदळतात, आणि शिकारीचे परवाने राज्य सरकार स्वतः देतं. मी मारते ते घरात खाल्लं जातं. आमच्याकडे जेवायला येऊन तांबडा रस्सा पुन्हा मागून घेणाऱ्यांनी निदान हा प्रश्न मला विचारू नये. यावर मी आता आणखी वाद घालणार नाही.

एटीव्हीकडे येते. कित्येक वर्षं माझं उत्तर एका ओळीचं होतं : बेल्टची घेऊ नका, गिअरची घ्या. पोलारिस, कॅन-अ‍ॅम, यामाहा, सुझुकी, सगळ्यांच्या शिकारीच्या कामाच्या मशीनमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे एका बेल्टमधून जाते. पुण्या-कोल्हापुरात कायनेटिक होंडा किंवा अ‍ॅक्टिव्हा चालवलेल्या प्रत्येकाने ही रचना वापरलेली आहे : दोन पुली, मध्ये बेल्ट, वेगाप्रमाणे पुल्या फाकतात आणि मिटतात. चालवायला सोपं, झटका नाही. पण हे सगळं पकडीवर चालतं. बेल्टच्या डब्यात पाणी शिरलं की पकड सुटते. जड ओझं घेऊन हाय रेंजमध्ये (ती वेगासाठी, ओझ्याला आणि चढाला लो रेंज असते) रखडत चढ चढलात तरी सुटते. बेल्ट तापतो, त्याच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि मग तो पुन्हा पहिल्यासारखा धरत नाही. रँचरमध्ये दातांचे गिअर आहेत. ४२० सीसीचं इंजिन लांबीत बसवलेलं, त्यामुळे शाफ्ट सरळ पुढे आणि सरळ मागे जातो. डौल काही नाही, वेगही बेताचा. पण पहिल्या गिअरमध्ये टाकलेली रँचर वाळूच्या उतारावरून इंजिनाच्या ओढीवर उतरते, ब्रेकला हात लावावा लागत नाही.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. करूळचा घाट त्यांनी उभ्या आयुष्यात किती वेळा उतरला असेल याचा हिशोब नाही. मला लुना शिकवतानासुद्धा ते घाटाचंच सांगायचे : “ज्या गिअरात चढतेस त्याच गिअरात उतर. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नसतो.” माझ्या एका ओळीच्या उत्तरामागे शिक्षण होतं तसे हेही होते.

(यामाहावाल्यांवर अन्याय नको. त्यांच्या अल्ट्रामॅटिकमध्ये बेल्ट कायम ताणलेला राहतो, क्लच वेगळा आणि तेलात असतो, आणि उतारावर इंजिन ओढून धरावं म्हणून एकाच दिशेला फिरणारा वेगळा क्लच असतो. कोडिअ‍ॅक किंवा ग्रिझ्ली घेतलीत तर मी नाक मुरडणार नाही.)

आता ते एक सांगते, जे सणासमारंभात उभ्या-उभ्या सांगता येत नाही.

मला शिकार शिकवली ती आमच्या शेजाऱ्यांनी. गाड्यांच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर आयुष्य काढलेले, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ. नाव लिहीत नाही, आणि त्यांची एटीव्ही कुठल्या कंपनीची होती तेही लिहीत नाही. ती बेल्टची होती, एवढं पुरे. रायफलीचा हंगाम इथे १५ नोव्हेंबरला उघडतो आणि ३० ला संपतो. त्या पंधरवड्यात सार्वजनिक शिकारीच्या रानात सकाळी ७ ते ११ आणि दुपारी २ ते ५ एटीव्ही फिरवायला बंदी असते, मारलेलं हरीण बाहेर काढण्यासाठी तेवढी सवलत. आम्ही उत्तरेकडच्या ग्रेलिंग गावाच्या पुढे राज्याच्या जंगलात होतो. पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. उजेड जाता जाता त्यांनी एक मोठा नर मारला. आतडी काढूनसुद्धा तो सत्तर किलोंच्या खाली नसावा. दोघांनी मिळून तो त्यांच्या मागच्या रॅकवर चढवला, दोन रॅचेट पट्ट्यांनी आवळला आणि निघालो.

वाटेत एक वाळूची टेकडी होती. फार उंच नाही. जुन्या लाकूडवाल्या गाड्यांनी पाडलेली चाकोरी, तिच्यावर ओकच्या पानांचा थर, पानांखाली गोठलेली ओल. एकाने वर पोचायचं आणि मग दुसऱ्याने निघायचं असा आमचा रिवाज, म्हणून मी खाली थांबले. ते लो रेंजमध्येच होते, सावकाश जात होते, सगळं जसं करायचं तसंच चाललं होतं. तीन-चतुर्थांश चढ संपला आणि इंजिनाचा आवाज एकदम वर गेला. मशीन मात्र जागच्या जागी. मग फटकन एक आवाज आला, आणि इंजिन मोकळं घुमायला लागलं.

बेल्ट गेला की नुसती ओढ जात नाही. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये काहीच उरत नाही, त्यामुळे मागे घरंगळणाऱ्या मशीनला इंजिन धरूनही ठेवत नाही. हातात राहतो फक्त ब्रेक. ते मागे घरंगळायला लागले आणि त्यांनी ब्रेक दाबला. कुणीही दाबला असता. मागच्या रॅकवर, कमरेच्या उंचीला सत्तर किलो, खाली मागची चाकं अडलेली. पुढची चाकं उचलली गेली, हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर गेला आणि मशीन मागे उलटून थोडं तिरकं त्यांच्यावर पडलं.

मी पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते. डावी मांडी आणि कंबर रॅकखाली. पेट्रोल ठिबकत होतं, जळक्या रबराचा वास होता, इंजिन अजून चालू होतं. आधी ते बंद केलं. मशीन हलवायला गेले तर हलेना, कारण ते हरीण अजून रॅकला बांधलेलं होतं आणि त्याचं सगळं वजन खालच्या अंगाला होतं. रॅचेटची खटकी वाळूत रुतलेली. ज्या सुरीने तासाभरापूर्वी हरीण साफ केलं होतं त्याच सुरीने मी पट्ट्या कापल्या. नायलॉन गार पडून कडक झालेला, बोटं बधीर, एकेक धागा सुटल्यासारखा वाटत होता. हरीण सुटून खाली घसरलं तेव्हा मशीन थोडंसं उचलल्यासारखं झालं आणि ते ओरडले. तोवर एकदाही ओरडले नव्हते. मग वरच्या ओकला पुली बांधली, माझ्या रँचरच्या विंचचा (मोटरवर दोर गुंडाळून ओढणाऱ्या चरखीचा) दोर तिच्यातून घेतला आणि त्यांचं मशीन त्यांच्यावरून काढलं.

फोनला रेंज नव्हती. ते म्हणाले, “जा तू.” मी माझा नारिंगी कोट त्यांच्यावर घातला, थर्मल चादर गुंडाळली, डोक्याचा दिवा त्यांच्या हातात दिला आणि निघाले. अंधारात मोडलेल्या माणसाला एकटं सोडून, पाठ फिरवून जाणं म्हणजे काय ते मला नीट लिहिता येत नाही. डांबरी रस्त्याजवळ रेंज मिळाली, ९११ ला फोन लावला आणि मदतपथकाला आत आणायला तिथेच थांबून राहिले. परत जावं की थांबावं? मी परत गेले असते तर पथकाला ती वाट सापडली नसती. हे मला तेव्हाही कळत होतं. तरीही त्या थांबण्याचा विचार आला की आजही छातीत काहीतरी आवळतं.

कंबरेचं हाड आणि मांडीचं हाड. दोन शस्त्रक्रिया. ते वाचले, पण शिकार सुटली.

यानंतर कुणी विचारलं की मी आणखी ठासून सांगायला लागले : गिअरची घ्या, गिअरचीच घ्या. बघितलंय मी. आणि हेच उत्तर त्या शेजाऱ्यांनीच मान्य केलं नाही. वॉकर धरून आमच्या अंगणात आले असताना ते मला म्हणाले, “बेल्टला कशाला दोष देतेस? तो जुना झाला होता, मला माहीत होतं. उलटली ती ओझ्याच्या उंचीमुळे. तुझ्या होंडावर तेच हरीण त्याच जागी असतं आणि चढावर इंजिन बंद पडलं असतं, तर तूही ब्रेकच दाबला असतास.” मी म्हटलं, गिअरमध्ये बंद पडलेलं इंजिन चाकांना धरून ठेवतं. ते म्हणाले, धरलेली चाकं आणि वर ओझं, हेच तर उलटायला लागतं.

मी इंजिनीअर आहे. कागदावर मांडून बघितलं. त्यांचं म्हणणं खोडता येत नाही, माझंही पूर्ण खोडलं जात नाही. हळूहळू ब्रेक सोडत उतरण्याची संधी कुठल्या मशीनने जास्त दिली असती, ते वाळूवर, पानांवर आणि त्या एका क्षणावर अवलंबून आहे. त्यांच्या मुलीने मला एकदा थेट विचारलं, “गिअरची असती तर बाबा आज चालत असते का?” मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एका ओळीत सगळं सांगणारी जी मी होते, ती या मुलीसमोर उभी राहिली असती तर काय बोलली असती? कदाचित ठामपणे हो म्हणाली असती. आणि मला तिचा तो ठामपणा आता पटत नाही. पण रँचर चालवायला बसले की अजूनही पहिल्या गिअरची ती ओढ अंगाला जाणवते आणि वाटतं, वडील बरोबरच होते.

म्हणून आता मी उलट विचारते. काय वाहणार आहात, आणि ते कुठे ठेवणार आहात? रॅकवर किती किलो चालतात ते रॅकवरच लिहिलेलं असतं, पण त्यात उंची लिहिलेली नसते. मोठं हरीण रॅकवर नको, मागे प्लास्टिकच्या स्लेडवर (घसरगाडीवर) ओढा किंवा छोटी ट्रॉली लावा. मग रॅंचरसारखं पावणेतीनशे किलोंच्या आसपासचं साधं मशीन पुरतं. साडेतीनशेच्या वरचं ८५० सीसीचं धूड शोरूममध्ये भारी वाटतं, चिखलात आडवं झालं की एकट्या माणसाला हलत नाही. टायरमधली हवा पाच पीएसआयच्या आसपास असते, गाडीचं गेज तिथे उपयोगाचं नाही, कमी दाबाचं वेगळं घ्या. आणि मुलांना मागे बसवून सिल्व्हर लेकच्या वाळूत फिरवायचा बेत असेल तर मला विचारूच नका. बहुतेक एटीव्ही एकाच माणसासाठी असतात, मशीनवर तसं लिहिलेलं असतं. होंडाने १९७० मध्ये तीनचाकी आणली, ती मुलांना घेऊन इतकी उलटली की १९८८ मध्ये कंपन्यांना सरकारशी करार करून तीनचाकी विकणं थांबवावं लागलं. चौथं चाक आलं म्हणून उलटणं बंद झालेलं नाही.

साठीच्या पुढचे असाल, किंवा दोघं जाणार असाल, तर साइड-बाय-साइड घ्या, म्हणजे दोघांनी शेजारी-शेजारी बसायची रानातली चौचाकी. डोक्यावर लोखंडी पिंजरा, कंबरेला पट्टा, ओझं मागच्या खोलगट भागात खाली. त्या संध्याकाळी ती असती तर, हा विचार मी करायचा थांबवलाय. अडचण अशी की मिशिगनच्या बऱ्याचशा ट्रेल पन्नास इंचांपर्यंतच्या वाहनांसाठीच आहेत आणि बहुतेक साइड-बाय-साइड त्याहून रुंद असतात. माझी स्वतःची रँचर विकून ती घ्यावी का, हे मी अजून ठरवलेलं नाही. वाट निवडायची की पिंजरा, दोन्ही बाजूंनी मन ओढतं.

आणि बेल्टचीच घ्यायची असेल तर घ्या, मी अडवणार नाही. मात्र विकत घ्यायच्या आधी शोरूममध्ये बेल्टचा डबा उघडायला सांगा. विक्रेता म्हणेल पाच मिनिटांचं काम आहे. त्याला बाजूला उभं राहायला सांगा, हिवाळ्याचे जाड हातमोजे घाला, कपाळाला दिवा लावा आणि मशीनबरोबर येतात तेवढीच अवजारं घेऊन तो बेल्ट स्वतः काढून परत बसवा. मला बोलवलंत तर मी येते, शनिवारी सकाळी मोकळी असते. जमलं तर जादाचा बेल्ट त्याच दिवशी विकत घ्या आणि सीटखाली ठेवा. नाही जमलं तर ते मशीन तिथेच सोडून घरी या.