दोन वेळा माझ्या, पाच वेळा मुलांच्या : दिवाळी ते फाल्गुन

दिवाळीचा फराळ संपला आणि मी दीक्षित सरांच्या पद्धतीने दोन वेळा जेवायला सुरुवात केली. आता फाल्गुन चालू आहे. दुसऱ्या रक्ततपासणीचे आकडे कालच हातात आले, म्हणून आतापर्यंतची नोंद एकत्र लिहून काढते. आधी आकडेच सांगते. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर, ६.२ होतं, ते ५.८ झालं. उपाशीपोटीचं इन्सुलिन १८ वरून ११ वर आलं. वजन ७४ किलोवरून ६९. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, तेव्हा मी अजून उंबरठ्यावरच आहे, पण तोंड आता बाहेरच्या दिशेला आहे. माझ्या आईला आणि मावशीला दोघींनाही मधुमेह, त्यामुळे या ०.४ चा मला किती आनंद झालाय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पद्धत बहुतेकांना माहीत आहे, तरी नव्यांसाठी दोन ओळी. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे नेला. आपल्याला कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, गोड टाळायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

एकट्यादुकट्या माणसाला हे जमवणं फार अवघड नाही. माझ्या घरात नऊ वर्षांची मुलगी आहे, पाच वर्षांचा मुलगा आहे, त्यांना दिवसातून पाच वेळा खायला लागतं आणि त्या पाचही वेळा माझे हात अन्नात असतात. पहाटे सहाला डबे, साडेसहाला दूध, एकला शाळेतून आल्यावर जेवण, पाचला खाऊ, सातला रात्रीचं जेवण. माझ्या वेळा साडेदहा आणि सात. म्हणजे सातचं जेवण आम्ही सगळे एकत्र जेवतो, बाकी सगळ्या वेळी मी वाढणारी.

सगळ्यात आधी सुटायला हवा होता तो प्रश्न मिठाचा. आमटीला उकळी आली की डावातले दोन थेंब तळहातावर घेऊन चाटायचे, ही सवय लग्नाआधीपासूनची. मधे काही खायचं नाही म्हटल्यावर ते बंद. पहाटेच्या डब्याला मापाचा चमचा ठेवलाय, भाजी पाव किलो तर मीठ सपाट पाऊण चमचा, आणि त्यात फारसा फरक पडत नाही. दुपारच्या आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला मात्र मुलगी चव बघते. ओट्यापाशी येऊन ती तळहाताची वाटी करून उभी राहते, फुंकर मारते, डोळे मिटते आणि सांगते, "मीठ बरोबर आहे, आंबट थोडं कमी." चिंचेचा कोळ घातला की परत हात पुढे. आता तिला गोडा मसाला जास्त झालेलाही कळतो. सासूबाईंनी परवा कौतुकाने सांगितलं, "हिच्या जिभेला वळण लागलंय हो."

दुसरा प्रश्न मुलांच्या ताटातल्या उरलेल्याचा. अर्धी पोळी, दोन घास भात, वाटीच्या तळाशी राहिलेली खीर. घरातली बाई हे उभ्याउभ्या तोंडात टाकते आणि त्याची कुठेच नोंद होत नाही. मी वाढण्याची रीत बदलली. आधी अर्धी पोळी, एक डाव भात, मागितलं की पुन्हा. मुलं मागून घ्यायला लागली की टाकत नाहीत. पातेल्यात राहिलेल्या पोळ्यांची दुसऱ्या दिवशी साडेदहाला माझ्यासाठी फोडणीची पोळी होते, तीही वेळेच्या आत.

आता मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते. ही पद्धत माझी आहे, मुलांची नाही. १८ वर्षांखालच्यांनी ती करायची नाही, हे दीक्षित सरही स्पष्ट सांगतात. पण मुलं बघत असतात. थंडीत एकदा मुलीने दुपारी ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "आई, मी पण दोनदाच जेवू का? माझं पोट पण पुढे आलंय." नऊ वर्षांची मुलगी! मी ताकाचा पेला बाजूला ठेवला आणि तिच्याशेजारी बसले. तिला सांगितलं, माझ्या रक्तात साखर साठायला लागली आहे, म्हणून माझ्या शरीराला मधे विश्रांती हवी आहे. तुझी हाडं वाढतायत, उंची वाढतेय, तुला दिवसभर थोडं थोडं खायला लागणारच. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तुझं औषध आहे हे." मी म्हटलं, हो, तसंच समज. त्या दिवसापासून घरात तीन नियम आहेत. वजनाचा काटा आमच्या खोलीत, कपाटाच्या आत. जेवताना वजन, पोट, जाड, बारीक हे शब्द कोणीही काढायचे नाहीत, पाहुण्यांनीसुद्धा. आणि मुलांना कोणी विचारलं तर आई डाएट करते असं न सांगता आई दोनदा जेवते एवढंच सांगायचं. सासूबाईंना सुरुवातीला हे जास्तीचं वाटलं होतं. आता त्याच आल्यागेल्याला थांबवतात.

स्वयंपाक एकच, ताटं वेगळी, हे सूत्र मला सगळ्यात उपयोगी पडलं. माझ्या ताटात आधी मूठभर शेंगदाणे-बदाम, मग वाडगाभर काकडी-गाजर-टोमॅटो, मग मोडाची मटकी किंवा दोन अंडी, आणि शेवटी भाजी-आमटी-भाकरी. इतकं कच्चं आधी खाल्लं की भाकरी आपोआप एकावर थांबते. हाच क्रम मुलांना लावला तर घात होईल. त्यांचं पोट लहान, काकडीनेच भरून जातं आणि वरण-भात-तूप तसंच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तंतुमय पदार्थांचे जे आकडे दिले, त्यात दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला १५ ग्रॅम, सहा ते नऊला २१ आणि दहाच्या पुढे २५ ग्रॅम म्हटलं आहे. म्हणजे मुलांना सालीचं, भाजीचं हवंच, पण वयाच्या मापाने. आमच्याकडे मुलांचा वरण-भात आणि तूप पहिला, कोशिंबीर दही घालून सोबत. मटकी तीच, मी वाफवून लिंबू पिळून घेते, त्यांना ओल्या खोबऱ्याची उसळ. लिंबू मात्र दोघांच्याही ताटात, कडधान्यातलं लोह त्याने चांगलं शोषलं जातं.

पाचचा खाऊ हा माझ्यासाठी दिवसातला सर्वांत अवघड काळ. साडेदहाचं जेवण होऊन साडेसहा तास झालेले असतात आणि मुलांना गरम काहीतरी हवं असतं. तेव्हा पोहे किंवा शिरा करायला घेतला की तो वासच सहन होत नाही. म्हणून पाचचा खाऊ मी सकाळी माझं जेवण झाल्यावर, पोट भरलेलं असताना करून ठेवते. त्यात नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, सत्त्वाचा मोठा हात आहे. पेठ-सुरगाण्याकडची नागली नाशिकला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मिळते, तीच आणते. निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घालायची, सकाळी पाणी काढून ओल्या पंचात घट्ट बांधून ठेवायची. थंडीत मोड यायला दीड दिवस लागतो, आता उन्हाळ्याच्या तोंडावर एका दिवसात पांढरे धागे दिसतात. सावलीत कडकडीत वाळवून मंद आचेवर भाजायची आणि दळून बारीक चाळणीने चाळायची. शंभर ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि मोड आणल्याने त्यातले शोषणाला आड येणारे घटक कमी होतात. दोन चमचे सत्त्व पाण्यात कालवून दुधात शिजवायचं, भिजवलेला खजूर वाटून घालायचा. मुलगा त्याला चॉकलेटची खीर म्हणतो, मीही तसंच म्हणू देते.

साखरेचं काय, असं बऱ्याच जणी विचारतात. मी स्वतः बंद केली आहे, मुलांची बंद केलेली नाही. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, तसा फलक मुलीच्या शाळेतही आहे, त्यामुळे ती आता बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीक छापलेलं वाचते. मला ते आवडतं, पण वाचून घाबरायचं नाही हेही तिला सांगते. वाढदिवसाला केक खायचा, मजेत खायचा. तिळगूळ दोघांनीही हवा तेवढा खाल्ला. मी माझा एक लाडू संध्याकाळी सातच्या ताटात घेतला, सुरुवातीलाच.

सण खरं तर सोपे गेले. चंपाषष्ठीचं भरीत-रोडगे आणि भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वाल-गाजर-वांग्याची भाजी, हे सगळं माझ्या ताटात जसंच्या तसं बसतं. रविवारची मिसळही बसते. साडेदहाला गंगापूर रोडकडे जातो, मी मटकी, रस्सा, दही आणि पापड घेते, पाव मुलांचे. जिलेबी त्यांची. कोणी आग्रह केला तर मी सरळ सांगते, माझी तपासणी आहे; मग कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

द्राक्षांचा हंगाम मात्र जड गेला. दिंडोरी-निफाडकडून नातेवाइकांच्या पेट्या येतात, डायनिंग टेबलावर दिवसभर घड पडलेले. येताजाता एक मणी तोडायचा हात आपोआप जातो. शेवटी घड धुऊन, मणी सुटे करून झाकणाच्या डब्यात फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवायला लागले, पाचलाच बाहेर काढते. धाकट्यासाठी प्रत्येक मणी उभा चिरून चार फोडी करते. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकतं, आणि पेट्या आल्या की घाईत हे राहून जातं, म्हणून मुद्दाम लिहिते.

चालणं कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवून तिथून थेट. सुरुवातीला साडेचार किलोमीटरला पंचावन्न मिनिटं लागायची, आता अट्ठेचाळीस.

पुढची अडचण समोर दिसते आहे. एप्रिल-मेमध्ये मुलं दिवसभर घरी, आणि आंबे. सुट्टीत दुपारचं जेवण सगळ्यांचंच अकराला करायचं ठरवलं आहे, म्हणजे मुलांसोबत दोन्ही वेळा एकत्र बसता येईल आणि एकची त्यांची वेळ दही-पोहे किंवा धिरड्यावर भागेल. आमरस फक्त अकराच्या ताटात, माझ्यासाठी छोटी वाटी आणि त्या दिवशी भाकरी नाही. तिसरी तपासणी जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर. ज्यांच्या घरी तीन वर्षांखालचं मूल आहे त्यांनी रात्रीचं भरवणं सातच्या जेवणाशी कसं जुळवलं ते जरूर सांगा, माझ्या नणंदेला हवं आहे. ती मे महिन्यात सुरू करते आहे.