शेवटच्या ओव्हरचा हात

2 नोव्हेंबर 2025 चा रविवार. पहाटे साडेपाचपासून मी घणसोलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून बसलो होतो. आवाज बंद, कारण बाहेर आई झोपलेली. टोरांटोत वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना चालू होता. नऊच्या सुमारास नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, इनिंगमध्ये 4-4 बरोबरी, टोरांटोच्या ब्लू जेजचे दोन धावपटू बेसवर, आणि माझ्या लाडक्या लॉस एंजेलिस डॉजर्सने बोलावलं ते यामामोटो या पिचरला, म्हणजे बेसबॉलमधल्या बोलरला. आदल्याच दिवशी 96 चेंडू टाकून सामना जिंकून दिलेल्या माणसाला! त्याने आणखी 34 टाकले आणि अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्स 5-4 ने जिंकले. मी ओरडलो, आई उठली. पण चहा टाकताना डोक्यात एकच होतं, याचा खांदा कसा असेल?

माझा उजवा खांदा आता वरच्या फळीवरचा डबा काढू देत नाही. सहा वर्षं आमच्या टेनिस क्रिकेटच्या टीममध्ये शेवटची ओव्हर माझीच. एका दिवसात चार-चार मॅच, आणि प्रत्येक मॅचला कॅप्टनची तीच हाक, ‘चल, तूच टाक.’ भरवसा टाकला की छाती फुगायची, म्हणून दुखतंय हे मी कधी सांगितलंच नाही.

म्हणूनच नव्या मोसमाच्या तोंडावर मला डॉजर्सच्या बुलपेनची, म्हणजे राखीव पिचरांच्या फळीची, काळजी वाटते. सुरुवातीचा पिचर थकला की पुढचं काम ज्यांनी उचलायचं, ते सगळे त्या बुलपेनमध्ये बसलेले असतात. मोसमात सामने 162 आहेत, एकट्यादुकट्याने भागत नाही. 2025 साली शेवटच्या इनिंगसाठी टॅनर स्कॉटला चार वर्षांसाठी 7 कोटी 20 लाख डॉलर देऊन आणलं, आणि त्याच्या हातून दहा वेळा जिंकत आलेली आघाडी गेली. मग ऑक्टोबरमध्ये रोकी सासाकीला शेवटी उभं करावं लागलं. तो मुळात सुरुवातीचा पिचर, आणि मोसमात त्याचाही खांदा दुखावलेला. वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना तर 18 इनिंग चालला. तेव्हा विल क्लाइनने चार इनिंग एकही धाव न देता टाकल्या. तो पोरगा मला यामामोटोइतकाच लक्षात राहिलाय.

आता एडविन डियाझ आलाय, तीन वर्षांसाठी. शेवटची इनिंग त्याची, आणि ती तो नीट सांभाळेल असं मला मनापासून वाटतं. 2023 मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेत जिंकल्यावर उड्या मारताना गुडघा गेला आणि अख्खा मोसम बाहेर बसला, तरी तो परत उभा राहिला. पण सहावी, सातवी, आठवी इनिंग कोणाची? डियाझपर्यंत सामना आणून कोण देणार? खरी पोकळी तिथे आहे. स्कॉट सावरला तर निम्मा प्रश्न सुटेल, आणि सावरावा अशी माझी फार इच्छा आहे. डॉजर्स लागोपाठ दोनदा जिंकलेत, पण लागोपाठ तिसरं विजेतेपद 2000 साली न्यूयॉर्कच्या यांकीजनंतर कोणालाच जमलेलं नाही. ते हवंच आहे, पण यामामोटोच्या खांद्याच्या बदल्यात नको.

आमच्या टीममध्ये सध्या शेवटची ओव्हर माझा भाचा टाकतो, वय सतरा. परवा सेक्टरमधल्या मैदानावर तिसऱ्या मॅचनंतर तो डाव्या हाताने पाण्याची बाटली उघडत होता. उजवा हात नुसता लटकत होता. मी विचारलं, दुखतोय का रे? “नाही मामा, मस्त आहे.”

चौथ्या मॅचला त्याला बसवा असं मी कॅप्टनला सांगून आलो. भाचा अजून माझ्याशी बोलत नाहीये.