तुम्ही विचारलंत म्हणून: भाकरी कुठं शिकलो

“भाकऱ्या तुम्हीच थापता? शिकलात कुठं?” खानावळीत नवा गिऱ्हाईक आला की हे ठरलेलं. मी म्हणतो, संजीव कपूरमुळं. त्याला वाटतं चेष्टा करतोय.

चेष्टा नाही. १९९३ साली झी टीव्हीवर ‘खाना खजाना’ सुरू झालं तेव्हा मी नववीत. आमच्या सोलापूरच्या घरात पुरुष चुलीजवळ जायचा तो फक्त मटणाचा रस्सा चाखायला, आणि चाखून “तिखट कमी पडलंय” म्हणायला. इथं पांढऱ्या कोटातला धडधाकट माणूस हसत कांदा चिरत होता. अंबाल्यात जन्म, दिल्लीत हॉटेल मॅनेजमेंट, २०१७ ला पद्मश्री, हे सगळं मी फार नंतर वाचलं. तेव्हा डोक्यात बसल्या त्या वाट्या. हळद एकीत, आलं दुसरीत, सगळं आधी चिरून मांडलेलं. मीही मांडल्या. आई ओरडली, “एवढ्या घासणार कोण?”

पनीर आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळं निम्म्या पाककृती बघूनच पोट भरायचं. मग घरचंच करून बघू म्हटलं. शेंगाचटणी टीव्हीवाल्यांसारखी मिक्सरात फिरवली, तर भांडं तापलं आणि चटणीचा लगदा झाला. आईनं काही न बोलता उखळ पुढं सरकवलं. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ. कुटत राहा, तेल सुटलं की थांब. किती वेळ? ते काही ती सांगेना.

भाकरी सगळ्यात शेवटी हाताला आली. टीव्हीवर कुणी थापताना मी तरी पाहिलं नव्हतं. पीठ मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं असलं तरी जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि कडा फाटतात. मग गरम पाणी घालायचं आणि तळहाताच्या टाचेनं रगडायचं, मनगट भरून येईस्तोवर. वडिलांनी माझी पहिली धड भाकरी चुरून रश्शात घातली, खाल्ली, आणि दुसरी मागितली. रश्शाला मात्र तिखट कमीच होतं म्हणे.

खानावळीत सकाळी वाट्या अजून मांडतो. घासतोही मीच.