तुम्ही विचारलंत म्हणून: तो दिवा बाजारात कधी येणार?

लग्नात, बारशाला कुणी ना कुणी गाठतंच, "काय गं, तुझा तो पेरोव्स्काइटचा दिवा बाजारात कधी येणार?" चूक माझीच. एका दिवाळीत मी यूव्ही टॉर्चखाली हिरवीगार चमकणाऱ्या कुपीचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता.

कुपीत टोल्युइन नावाचं द्रावक, त्यात सीझियम लेड ब्रोमाइडचे नॅनोक्रिस्टल, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिक. पेरोव्स्काइट हे अशा एका ठरावीक रचनेच्या स्फटिकांचं कुळ. ते बनवायला गरम द्रावणात सिरिंजने सीझियम ओलिएट एकदम सोडायचं आणि काही सेकंदांत फ्लास्क बर्फात. दुकानातल्या निळ्या एलईडीसाठी गॅलियम नायट्राइडचे थर हजारेक अंशांवर वाढवावे लागतात. आमचं दीडशे-दोनशे अंशांत भागतं.

पण हा स्फटिक मऊ. त्याची पातळ फिल्म करून व्होल्टेज दिलं की त्यातले हॅलाइड आयन, म्हणजे ब्रोमाइड-क्लोराइडसारखे विद्युतभारित अणू, सरकायला लागतात. निळ्या रंगासाठी ब्रोमाइडमध्ये क्लोराइड मिसळायचं, ही सोपी वाट. माझा पहिला निळा दिवा लागला तशी मी सरांना बोलवायला धावले. ते येईपर्यंत तो हिरवट झाला होता! क्लोराइड आणि ब्रोमाइड वेगळे होऊन आपापले घोळके करून बसले होते आणि इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या, म्हणजे ब्रोमाइडच्या, घोळक्यांत ओघळत होते. सर एवढंच म्हणाले, "स्पेक्ट्रम घेतलास का?" नव्हता घेतला.

दुसरं दुखणं पृष्ठभागाचं. तिथल्या उघड्या शिशाच्या अणूंपाशी इलेक्ट्रॉन अडकतो, प्रकाशाऐवजी उष्णता होते. म्हणून लिगंडचं, म्हणजे पृष्ठभागाला चिकटणाऱ्या रेणूंचं, पांघरूण. आमचं लिगंड ओलेइक अॅसिड; त्याची शेपटी लांब, वीज अडवते. धुवून काढावी तर चमकही जाते. धुण्याचं मिथाइल अॅसिटेट थोडं जास्त पडलं की सेंट्रिफ्यूजमधून मरगळलेला पिवळा गाळ निघतो. माझी दोन वर्षं या धुण्यातच गेली.

तरी मजल मोठी आहे. 2014 मध्ये केंब्रिजच्या रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाचा या एलईडीची कार्यक्षमता, म्हणजे आत सोडलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर पडणारे प्रकाशकण, 1 टक्क्याच्याही खाली होती. 2018 मध्ये हिरव्या आणि अवरक्त दिव्यांनी 20 टक्के ओलांडले. आयुष्य मात्र तोकडं, निळ्याचं तर फारच. लेझरचं विचारूच नका: बाहेरून प्रकाश मारला तर होतो, पण थेट विजेवर चालवायचा तर इतका करंट लागतो की फिल्मच भाजते.

मावशीला मी खरं ते सांगितलं, की आधी बहुधा टीव्हीच्या पडद्यात येईल, रंग बदलणारी फिल्म म्हणून. मागे नेहमीचा निळा एलईडीच.

"म्हणजे दिवा दुसऱ्याचाच की!" मावशी म्हणाली आणि जिलबी वाढायला निघून गेली.