दुपारचं चार्जिंग अखेर सलग झालं, आणि ६ युनिटही सापडले

काल बुधवारी सकाळी ९.१० ला प्लग लावला आणि ३.१० ला आमची इलेक्ट्रिक गाडी २० वरून ९० टक्क्यांवर आली. चार्जिंग मध्ये एकदाही बंद पडलं नाही. सबमीटरवर १९.४ युनिट. तीन आठवडे याच आकड्याची वाट बघत होतो.

मागच्या नोंदीत लिहिलं होतं तसं, टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणारा) बसल्यापासून चार्जिंग रात्रीवरून दिवसावर आणलं. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळते, आणि रविवार व घरून कामाचा बुधवार गाडी दारातच असते. पण रात्री बिनतक्रार चालणारा पोर्टेबल चार्जर दुपारी साडेबारा-एकला लाल दिवा दाखवून थांबायचा. अर्ध्या तासाने परत लावला की चालू, मग पुन्हा बंद.

पहिला संशय व्होल्टेजवर. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या गल्लीत चार-पाच छतांवर सोलर आहे, त्यामुळे दुपारी व्होल्टेज चढत असेल असं वाटलं. मीटरपाशी मोजलं तर २३४, म्हणजे काहीच वावगं नाही. मग सॉकेटपाशी, चार्जिंग चालू असताना मोजलं: २२१! ३० मीटरच्या वायरीत १३ व्होल्ट गायब. चार्जरच्या १४ अँपिअरने गुणलं तर जवळपास १८० वॅट वाया, आणि तेही सहा तास सलग.

सॉकेट उघडलं. न्यूट्रलच्या बाजूचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, स्क्रू बोटाने फिरत होता, आणि तो जळका वास अजून नाकात आहे. प्लगमध्ये तापमानाचा सेन्सर असतो. रात्री भिंत गार असते म्हणून निभावत होतं, दुपारी त्याच दक्षिणेच्या भिंतीवर ऊन आलं की सेन्सर चार्जिंग बंद करायचा. म्हणजे चार्जर अगदी बरोबर वागत होता.

ऑनलाइन मागवलेला ‘हेवी ड्यूटी’ १६ अँपिअरचा सॉकेट चौथ्या दिवशी पुन्हा गरम. आतली पत्ती इतकी पातळ की प्लग लावल्यावर ढिला वाटायचा. तो परत केला. रविवार कारंजा चौकाजवळच्या दुकानातल्या काकांनी निळा इंडस्ट्रियल सॉकेट हातात दिला आणि ‘गाडीला हाच लावा’ एवढंच म्हणाले. थोडा महाग आहे, पण घरी चार्जिंग करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: दुसऱ्या कशावर हात आखडता घ्या, सॉकेटवर नको.

थांबणं बंद झालं, पण सॉकेटपाशी व्होल्टेज २२४ च्या पुढे सरकेना. २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीत ६ व्होल्ट पडणार हे गणिताने ठीक, उरलेले ४ कुठे? वायरमन दादांनी वायरीवरचं केसिंग वीतवीत उघडत नेलं. पाण्याच्या मोटरच्या पॅनलमागे जॉइंट सापडला: दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप, आणि टेप वितळून चिकट झालेली. तो काढून सलग ४ स्क्वेअर एमएमची वायर टाकली, टोकांना लग (धातूची टोपणं) दाबून बसवले. आता सॉकेटपाशी २३०.

हिशेब असा: आधी याच २० ते ९० टक्क्यांना २०.३ युनिट लागायचे, आता १९.४. गाडीतला टक्का ढोबळ असतो, म्हणून तीनदा मोजलं. महिन्याला साधारण ६ युनिट वाचतात. रक्कम लहान आहे, पण मार्चमध्ये आमचे एकूण ३०४ झाले होते, आणि ३०० च्या वरचं प्रत्येक युनिट पुढच्या, महागड्या स्लॅबमध्ये जातं. वाया गेलेली वीज नेहमी सर्वात वरच्या स्लॅबच्या भावानेच मोजली जाते, हे मला पहिल्यांदा नीट कळलं. आता तोच हिशेब २९८ वर येतो.

एक विनंती: थांबणं टाळायला करंट ८ अँपिअरवर आणून गप्प बसू नका. करंट १४ वरून ८ वर आला की वायरीतली उष्णता एक तृतीयांशाच्या आसपास येते हे खरं, पण चार्जिंग लांबतं, आणि गाडी जागी असेपर्यंत तिची इलेक्ट्रॉनिक्स वीज खात राहते. शिवाय ढिला जॉइंट तिथेच राहतो.

पुढे गाडीसाठी वेगळं इव्ही कनेक्शन घ्यायचं ठरवलं होतं. त्यात स्लॅब नाही, पण स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. हे लिहिता लिहिता मात्र मन सोलरकडे वळलं. छतावरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिट धरले तर २ किलोवॅटचे महिन्याला २४० होतात, म्हणजे गाडीला महिन्याला लागणाऱ्या १२४ युनिटांच्या जवळपास दुप्पट. ३ किलोवॅटचा विचार होता, पण शेजारच्या आंब्याची सावली सकाळी गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यावर येते. रविवारी ८ ते ११ दर अर्ध्या तासाने खडूने सावलीची कड आखणार आहे. ती किती मागे सरकते ते बघून २ की ३ ते ठरवेन, तोवर वेगळ्या कनेक्शनचा अर्ज थांबवलाय.