वटवाघळाच्या ओळीतले अकरा कोडॉन

एडीपी-एटीपी वाहकाच्या जीनमध्ये नैसर्गिक निवडीचा सिग्नल (बदल फायद्याचे म्हणून टिकल्याची चिन्हं) दिसला की मला आधी शंकाच येते. मायटोकॉन्ड्रियातून एटीपी बाहेर काढणारं हे प्रथिन सस्तन प्राण्यांत जेमतेम बदलतं. त्यातली आर-आर-आर-एम-एम-एम (तीन आर्जिनिन, तीन मेथिओनिन) ही अमिनो आम्लांची खूण तर ढळतच नाही. तरी त्या दिवशी या वाहकाच्या एका जीनवर, एसएलसी२५ए५ वर, ब्रांच-साइट चाचणी (वंशवृक्षाच्या एकाच शाखेवर निवड झाली का ते पाहणारी) लावली आणि एका वटवाघळाच्या शाखेवर लॉग-लाइकलीहूडच्या फरकाची दुप्पट ३.८४ या पाच टक्क्यांच्या उंबरठ्याच्या कितीतरी वर गेली.

अलाइनमेंट, म्हणजे प्रजातींच्या ओळींची एकाखाली एक मांडणी, उघडलं. बदललेल्या जागा सगळ्या एकाला एक लागून, अकरा कोडॉनच्या (तीन-तीन बेसच्या शब्दांच्या) पट्ट्यात. खरी निवड सहसा अशी गठ्ठ्याने येत नाही. डीएनएवर उतरलो तर पट्ट्याच्या सुरुवातीला एक बेस गायब, शेवटी एक जास्तीचा. मधली सगळी वाचनाची चौकट सरकलेली, आणि प्रोग्रामने ती इमानेइतबारे माणूस-गायीच्या ओळीखाली बसवून दिलेली. पुढे खुणेतलं पहिलं आर्जिनिनही गेलं होतं: सीजीजीचं टीजीजी, म्हणजे ट्रिप्टोफॅन.

आता जागा तपासली. खऱ्या जीनला चार एक्झॉन (एमआरएनएत टिकणारे तुकडे) असतात. इथे त्यांच्यामधला एकही इंट्रॉन नाही, सलग ८९७ बेस, मागे ए-ए-ए ची शेपटी, शेजारचे जीनही भलतेच. एमआरएनएची उलटी नक्कल होऊन जीनोममध्ये चिकटलेला तोतया! ए५ चे असे तोतये माणसातही ढिगाने आहेत. खरा जीन असेंब्लीत (तुकडे जोडून उभ्या केलेल्या जीनोममध्ये) दोन कॉन्टिगांत, म्हणजे सुट्या पट्ट्यांत, तुटलेला, म्हणून ब्लास्ट या साधर्म्य शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये हा अखंड तोतया वर आला आणि रेसिप्रोकल बेस्ट हिटलाही (दोन्ही बाजूंनी शोधलं तरी एकमेकांचा पहिला जोडीदार, या निकषालाही) पास झाला. तेवढ्या एका निकषावर शेकडो प्रजातींचे तक्ते काढणाऱ्यांच्या धाडसाला दाद द्यावी लागेल.

तोतया काढला, तुकडे जोडले, सिग्नल गेला. पण मग माझ्याच तक्त्यातल्या शून्यांकडे, म्हणजे ‘जीन नाही’ या नोंदींकडे, लक्ष गेलं. डुकराच्या यूसीपी१ या जीनपुढे शून्य लिहिताना हात अडत नाही: ३ ते ५ एक्झॉन उडालेत आणि उरलेले जागेवर दिसतात, म्हणजे भोकाच्या दोन्ही कडा हातात आहेत. एसएलसी२५ए६, म्हणजे ए५ च्या भावंड-जीनचं, तसं नाही. माणसात तो एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांच्या टोकाच्या सामायिक भागात बसतो. तिथे जी आणि सी हे बेस भरमसाट, त्यामुळे शॉर्ट रीड्स (डीएनएचे वाचलेले छोटे तुकडे) विरळ पडतात. माउस-रॅटमध्ये तो नाही, हे मान्य. पण आणखी चार प्रजातींपुढे मी शून्य लिहिलंय, आणि त्यांच्या असेंब्लीत त्या जागी नुसती एन-एन-एन ची (न कळलेल्या बेसची) रांग आहे.

ती चार शून्यं खोडून प्रश्नचिन्हं टाकलीत. लाँग रीड्स येईपर्यंत ती तशीच राहतील.