इश्वालचा हिशोब

हिरोमु आराकावा यांची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही मांगा (जपानी चित्रकथा) 2001 ते 2010 मासिकात चालली, 27 खंड झाले. युद्धाबद्दल तिला जे म्हणायचंय त्याचा गाभा मात्र 15व्या खंडात आहे: प्रकरणं 58 ते 61, इश्वाल या प्रदेशातल्या लोकांचा लष्कराने केलेला संहार. ‘ब्रदरहूड’ या तिच्यावरच्या अ‍ॅनिमेने (कार्टून मालिकेने) तो 30व्या भागात उरकलाय, म्हणून हा खंड तरी वाचाच. (पुढे शेवट उघड होतो.)

सैनिकाच्या गोळीने इश्वालचं एक मूल मरतं, बंड पेटतं, सात वर्षं धुमसतं. मग देशाचा हुकूमशहा ब्रॅडली संहाराचा 3066 क्रमांकाचा हुकूम काढतो आणि सरकारी अल्केमिस्ट (लष्कराच्या चाकरीतले किमयागार) रणात उतरतात. ती गोळी सैनिकाचं रूप घेतलेल्या एन्व्ही या राक्षसाची होती, हे नंतर कळतं. सगळं पाप राक्षसाच्या माथी मारायची आयती सोय होती. आराकावा ती घेत नाहीत. पहिली गोळी एन्व्हीची असेल, वस्त्या जाळल्या त्या माणसांनी.

आणि प्रत्येकाचं खातं वेगळं. डॉक्टर-अल्केमिस्ट मार्को इश्वाली कैद्यांच्या जिवांतून परीस बनवतो. अल्केमिस्ट आर्मस्ट्राँग मारायला नकार देतो, परत पाठवला जातो. तरी त्याला सलतं ते हेच, की थांबून विरोध करायला हवा होता. अधिकारी ह्यूजला विचारलं की लढायचं कशासाठी, तर म्हणतो, मरायचं नाही म्हणून. सगळ्यात बोचरा प्रश्न मारण्यात रमणाऱ्या अल्केमिस्ट किम्ब्लीचा, नेमबाज हॉकआयला: नेम लागला की क्षणभर ‘जमलं!’ असं वाटत नाही का? स्वखुशीने गणवेश चढवलात, मग आता बळी असल्यासारखे चेहरे कशाला? खंडातलं सर्वांत खरं बोलणं सर्वांत नीच माणसाच्या तोंडी घालायला धाडस लागतं.

हॉकआय बोलून थांबत नाही. तिच्या पाठीवर अग्निविद्येचं रहस्य गोंदलेलं आहे. दुसरा अग्नी-अल्केमिस्ट निपजू नये म्हणून ती विद्या वापरणाऱ्या मस्टांगलाच, तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, ती ते जाळायला लावते.

नेत्यांच्या बाबतीत मात्र कथा कचरते, असं माझं मत. मस्टांगचा बेत हॉकआयच कथानायक एडला सांगते: तो सत्तेवर येईल, लोकशाही आणेल, मग इश्वालच्या ‘वीरां’वर युद्धगुन्हेगार म्हणून खटले चालतील, या दोघांवरही. तो खटला पानावर येतच नाही. उलट शेवटी आंधळ्या झालेल्या मस्टांगला मार्को डोळे बरे करायला परीस देऊ करतो, इश्वालचं धोरण बदलण्याच्या अटीवर. मस्टांग मान्य करतो, आधी पांगळ्या झालेल्या सहकाऱ्याला, हॅवॉकला, बरं करा म्हणतो. परिसातल्या माणसांना विचारायची सोय नसते.